पोलीस ठाण्यातलं चित्रीकरण मागता येतं का?

प्रश्न : आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही पोलिसांच्या वागणुकीची नोंद ठेवतो. परवा शेजारच्या मुलाला पोलीस ठाण्यात मारलं, मनगट मोडलं. त्याचा फोटो आम्ही ग्रुपवर टाकलाय. तिथे कॅमेरे आहेत. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, आधी सरकारी रुग्णालयात तपासणी करून कागद हातात घ्या. आणि त्या पोराचा फोटो ग्रुपवरून आजच काढा. त्याला उद्या त्याच गल्लीत राहायचंय.

चित्रीकरण मागता येतं. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात, आवाजासह कॅमेरे लावायला सांगितलं. चित्रीकरण १८ महिने, निदान वर्षभर जपायचं. राज्य मानवी हक्क आयोग ते मागवू शकतो. पण घटनेपासून वर्षाच्या आत तक्रार करा.

तक्रारीच्या अर्जात तारीख, वेळ आणि खोली नेमकी लिहा. माझ्या एका अशील मावशींनी ‘दुपारी तीन, मागचा व्हरांडा, पाण्याच्या पिंपाजवळ’ असं लिहिलं होतं. पोचपावती त्यांनी रेशनकार्डात घडी करून ठेवली होती. तुम्हीही अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.