कानातली शिट्टी

भाऊ, कानात सारखी शिट्टी वाजते म्हणतोस, तर आधी घाबरणं सोड. मी बारा वर्षं पंचवटीतल्या मिरवणुकांत नाशिक ढोल बडवला, ही शिट्टी तेव्हाची सोबतीण. बहुतेकदा कान थोडा मंदावतो आणि मेंदू ती उणीव स्वतःच्याच आवाजाने भरून काढतो. म्हणून कान-नाक-घसा डॉक्टरांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घे. कधी नुसता मळच निघतो! पण आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीसारखा ठोके देत असेल तर डॉक्टरांकडे जाणं टाळू नको. अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. रात्री खोली अगदी शांत ठेवू नको, शिट्टी तिथेच माजते. मी पंखा लावतो, पावसाळ्यात खिडकी उघडी. आणि ढोल वाजवताना इअरप्लग घाल, कापसाचे बोळे नव्हे. पोरं हसतात, हसू दे.