भजन म्हणतेत, मंग बोलत काऊन नाहीत?

डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या घरून हा प्रश्न मला हमखास येतो. तिवसा तालुक्यातल्या एका ताईंनी तो असा विचारला, "मॅडम, यायले साधं पाणी मांगता येत नाही, न् भजन सुरू झालं की पुरं म्हणतेत. घरचे म्हणतेत, नाटक करून राह्यले. खरं काय समजाव?"

त्यांचे यजमान चाळिशीतले शेतकरी. शेतातून येताना मोटारसायकल घसरली, हेल्मेट नव्हतं, डोक्याच्या डाव्या बाजूला मार बसला. नागपूरला ऑपरेशन होऊन जीव वाचला, पण उजवा हात अधू झाला आणि बोलणं गेलं. गुरुकुंज मोझरी याच तालुक्यात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांवर वाढलेला हा माणूस गावच्या मंडळात खंजिरी वाजवायचा.

नाटक नाही, हे मी सासूबाई आणि दिरांना समोर बसवून सांगितलं. बहुतेकांच्या बोलण्याचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूला चालतो. चाल, ठेका आणि वर्षानुवर्षं पाठ झालेले शब्द यांत उजव्या बाजूचाही वाटा असतो, आणि ती शाबूत होती. दिरांना म्हटलं, पांदण चिखलानं बंद झाली की आपण धुऱ्याधुऱ्यानं घरी येतोच ना, तसं आहे हे. शिवाय त्यांना बोलता येत नसलं तरी समजत बरंच होतं. 'नाटक' हा शब्द कानावर पडला की ते भिंतीकडे तोंड करायचे. तो शब्द त्या घरात बंद करणं मला सगळ्यात आधी गरजेचं वाटलं.

गाण्याच्या वाटेनं बोलण्याकडे नेण्याची एक पद्धत बोस्टनच्या तज्ज्ञांनी १९७३ मध्ये मांडली. २०११ मध्ये डोक्यात गोळी लागलेल्या, तेव्हाच्या अमेरिकन खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांनाही बोलणं परत मिळवताना संगीताची मोठी मदत झाली. आमच्याकडे वाक्यं आणि क्रम स्पीच थेरपिस्टनं व्हिडिओ कॉलवर ठरवून दिला; घरच्यांकडून ते करून घेणं माझ्याकडे होतं.

सुरुवात 'पाणी दे'पासून. ते बाजेवर, ताई समोर. ताईंनी त्यांचा डावा हात धरून बाजेच्या लाकडावर ठोका द्यायचा: पा, णी, दे. अक्षरागणिक एक ठोका, चढ-उतार दोनच सुरांचा. आधी नुसतं गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून म्हणायचं, मग ताईंनी मधेच गप्प व्हायचं. पहिल्यांदा ताई गप्प झाल्या तेव्हा ते 'पा'वर अडकले, डोळे भरून आले, हात झटकला. ताई म्हणाल्या, "अजून एक डाव पाहू." मी नको म्हटलं. दुखावलेला मेंदू लवकर थकतो. चिडचिड दिसली की त्या वेळेपुरतं थांबायचंच. काही आठवड्यांनी तीन अक्षरं सुरात आली. मग खरं चिकाटीचं काम: तोच सूर हळूहळू उतरवत साध्या बोलण्यावर आणायचा. हा टप्पा लोक सोडून देतात. नुसती भजनं म्हणवून घेतली की बोलणं आपोआप येईल, असं होत नाही. पाठ असलेलं गाणं वेगळं, तहान लागल्यावर स्वतःहून मागणं वेगळं.

दिरांनी मायेपोटी उशाशी दिवसभर स्पीकर लावून ठेवला होता. तो बंद करायला लावला. सतत आवाजानं अशा माणसाचं डोकं भणाणतं. मंडळात मात्र त्यांना जरूर नेऊन बसवा म्हटलं. तिथं कोणी परीक्षा घेत नाही, सगळ्यांबरोबर गाता येतं.

आता ते पाणी मागतात, मुलीला हाक मारतात, 'दुखते' म्हणतात. लांब बोलणं जमत नाही. ताईंनी विचारलं, "पयलेसारखे बोलतीन का?" तसं वचन मी दिलं नाही. सुधारणा पुढेही होत राहू शकते, सराव सोडू नका, झटक्यांच्या (फिट येऊ नये म्हणूनच्या) गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, एवढं सांगितलं. आणि झटका, उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा वेगळीच गुंगी दिसली, तर तडक दवाखाना गाठा.