रेडिएशननंतर आठ वर्षांनी उद्भवलेला दुसरा कर्करोग : दावा कोणावर आणि कशासाठी?

यावल तालुक्यातील एका वाचकांनी विचारले आहे : आईच्या स्तनाच्या कर्करोगावर 2016 मध्ये एका खासगी रुग्णालयात गाठ काढून रेडिएशन दिले गेले. आठ वर्षांनी त्याच जागेच्या कातडीवर जांभळट डाग उठले. गावाकडच्या डॉक्टरांनी रक्त साकळल्याचे सांगून सहा महिने मलमावरच ठेवले. अखेर बायोप्सीत अँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा दुर्मीळ कर्करोग) निघाला, आणि तो जुन्या रेडिएशनमुळे झाल्याचे कळले. त्या रुग्णालयावर दावा लावता येईल, की मुदत गेली?

मुदतीची धास्ती तूर्त बाजूला ठेवावी. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे मिळतात. मात्र इजा सुप्त असेल, तर ती कळल्यापासून किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर कळली असती तेव्हापासून मुदत मोजावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये शल्यविशारद डॉ. व्ही. एन. श्रीखंडे यांच्या प्रकरणात म्हटले आहे. त्यातील रुग्ण महिला मात्र हरल्या, कारण शस्त्रक्रियेत पोटात राहिलेल्या गॉजचे (जाळीदार कापडाचे) दुखणे त्यांनी नऊ वर्षे अंगावर काढले आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे विचारणाच केली नाही.

खरी अडचण निष्काळजीपणा सिद्ध करण्याची आहे. हा आजार योग्य मात्रेत दिलेल्या रेडिएशननंतरही, क्वचित आणि बहुधा काही वर्षांनी, होऊ शकतो. त्यामुळे तो झाला एवढ्यावरून चूक ठरत नाही. ‘आधी सांगितले नाही’ हा मुद्दाही दुबळा आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या समीरा कोहली निकालानुसार (2008) अतिदुर्मीळ धोके सांगण्याचे बंधन डॉक्टरांवर नाही.

माझ्या मते आपली तक्रार उभी राहिलीच, तर ती त्या सहा महिन्यांवर राहील. रेडिएशन घेतलेल्या जागी न जाणारा डाग दिसत असताना, गावाकडच्या डॉक्टरांनी बायोप्सीचा सल्ला का दिला नाही, आणि त्या विलंबाने आजार किती वाढला, यावर स्वतंत्र कर्करोगतज्ज्ञांचे लेखी मत घ्यावे. त्या डॉक्टरांना रेडिएशनचा पूर्वेतिहास सांगितला होता का, हेही प्रांजळपणे पाहावे; सांगितला नसेल, तर हा मुद्दा तेथेच लंगडा पडतो.

मलमाच्या चिठ्ठ्या, तारखा असलेले डागांचे फोटो आणि बायोप्सीचा अहवाल आजच एकत्र करावा. कागदपत्रांसाठी रुग्णालय आणि गावाकडचे डॉक्टर, दोन्हीकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. नियमाने ती 72 तासांत द्यायची असतात. मात्र नोंदी तीन वर्षेच जपण्याचे बंधन असल्याने 2016 ची फाइल मिळेलच असे नाही.

आपण जळगाव जिल्ह्यात राहता, तेव्हा तक्रार तेथील जिल्हा ग्राहक आयोगातच करता येईल. उपचारांसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क लागत नाही.