दुसरा 'शझॅम' पहिल्याइतका रंगतो का?

प्रश्न : 'शझॅम!' (२०१९) हा सुपरहिरोपट आमच्या पोरांनी डोक्यावर घेतला. रविवारी दुसरा भाग लावू का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : लावा, पण तेवढी धमाल नाही. पहिल्याची सगळी गंमत एका विसंगतीत होती : १४ वर्षांचा बिली जादूचा शब्द उच्चारला की प्रौढ सुपरहिरो होतो, अंगाने बाप्या, मनाने पोर. ऐटीत बिअर विकत घेतो आणि पहिल्याच घोटाला थुंकतो. खलनायक लांब आभाळात तरंगत भाषण ठोकतो, याला त्यातलं काही ऐकूच येत नाही! २०२३च्या भागात बिली अठराला टेकलाय, तरी त्याचं सुपरहिरो रूप साकारणारा झॅकरी लीवाय तसाच बालिश वागतो. अंतर मिटलं, विनोद पातळ झाला. त्यात सहा भावंडं, ग्रीक पुराणातल्या अ‍ॅटलसच्या तीन खलनायिका मुली, वर ड्रॅगन. खुद्द पोरसवदा बिलीला, म्हणजे अ‍ॅशर एंजेलला, वाव फार थोडा.

भावंडं या मुलींना पत्र लिहवून घेतात, तो प्रसंग मात्र फर्मास. जादूची लेखणी मधली बडबडही उतरवते आणि त्या मुलींपैकी एक झालेली हेलन मिरेन ती सगळी गंभीर चेहऱ्याने वाचते. तेवढ्यासाठी १३० मिनिटं द्यावीत.

पहिला भाग पुन्हा लावलात, तर लहानग्यांसाठी कंपनीच्या बैठकीतला राक्षसांचा प्रसंग पुढे सरकवा. तो खरंच भीतिदायक आहे.