नवं डोमेन घेतलंत, पण जुनं सोडू नका

भोसरीच्या वर्कशॉपला नवं डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणारं नाव, मिळालं, छान. पण जुनं लगेच बंद करू नका. चाकणच्या कंपन्यांच्या परचेस खात्यात तुमचा जुनाच पत्ता नोंदलेला आहे, पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी, तिथेच येत राहणार.

गूगल वर्कस्पेस असेल तर नवं डोमेन एलियस, म्हणजे त्याच खात्यांचं दुसरं नाव, म्हणून जोडा. मेलबॉक्स तोच, दोन्ही पत्त्यांवरचे मेल एकाच ठिकाणी. एमएक्स रेकॉर्डचं, म्हणजे येणारा मेल कुठे पोचवायचा त्या नोंदीचं, होस्टिंगवाला सांगेलच. राहून जातं ते एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क, म्हणजे मेल खरंच तुमचाच आहे हे पटवणाऱ्या डोमेनच्या नोंदी. मग कोटेशन जातं थेट स्पॅममध्ये. एसपीएफची नोंद, म्हणजे तुमच्या डोमेनवरून मेल कोण पाठवू शकतं त्याची यादी, एका डोमेनला एकच हवी. बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याने एक आणि मेलवाल्याने दुसरी टाकली, की तपासणी फसलीच. दोघांनाही एकाच ओळीत बसवा.

जीएसटी, आयकर, बँक इथले ईमेल बदला. रजिस्ट्रारच्या, म्हणजे ज्याच्याकडे डोमेन नोंदवलंत त्याच्याकडच्या, खात्याला मात्र साधा जीमेल द्या, नाहीतर डोमेन बंद पडलं की रिन्यूअलची सूचनाही त्याच बंद मेलबॉक्सला.

जुनं डोमेन काही वर्षं तरी भरत राहा. सोडलंत तर कोणीही घेईल, आणि तुमचे पासवर्ड रिसेटचे मेल त्याच्या हाती.

गिऱ्हाइकांना कळवताना ‘बँक खातं बदललेलं नाही’ हे ठळक लिहा. नव्या डोमेनवरून बिल आलं की अकाउंट्सवाले बिचकतात, आणि बिचकावंच, कारण खोटी बिलंही अशीच येतात. मोठ्या पार्ट्यांना सरळ फोन करा.