मोनोरेल होइस्टला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की रबाळेच्या एका कारखान्यात सेफ्टीचे बोर्ड मराठीत करायचेत, आणि छताखालच्या एका गर्डरवरून माल उचलून पुढे नेणारा जो मोनोरेल होइस्ट असतो त्याला 'एकरूळ उच्चालक' लिहिलं तर चालेल का.

ताई, नका लिहू. मी वागळे इस्टेटला बरीच वर्षं काढली, तिथे एका शेडमध्ये कोणीतरी हौसेने 'उच्चालकाखाली उभे राहू नये' असा बोर्ड होइस्टच्या गर्डरशेजारीच लावला होता. नवीन आलेला पोरगा तो वाचून आठवडाभर गुड्स लिफ्टला वळसा घालून जायचा आणि हुकाखालून मात्र बिनधास्त. त्याची काय चूक, उच्चालक म्हणजे लिफ्ट असंच तो समजला.

गंमत म्हणजे कायद्याच्या इंग्रजीतही हाच घोळ होता. 1948 च्या फॅक्टरी अॅक्टात (2025 मध्ये त्याच्या जागी नवा कोड आला) कलम 28 'होइस्ट आणि लिफ्ट'चं, पण त्यातच खुलासा होता की प्लॅटफॉर्म किंवा पिंजरा असेल आणि तो गाइडमधूनच, म्हणजे ठरलेल्या उभ्या पट्ट्यांमधूनच, वरखाली होत असेल तरच त्याला होइस्ट म्हणायचं. म्हणजे आपण ज्याला दिवसभर होइस्ट होइस्ट करतो तो त्या कलमापुरता होइस्टच नव्हता, तो जायचा कलम 29 मध्ये, क्रेन, विंच, पुली ब्लॉक यांच्या पंगतीला, आणि त्या यादीत शेवटी 'रनवे' हा शब्द होता, तोच आपला वरचा गर्डर. तपासणीची मुदतही वेगळी होती, 28 वाल्यांची 6 महिन्यांनी, 29 वाल्यांची 12 महिन्यांनी. तेव्हा शब्द चुकला की तपासणीचं रजिस्टरही चुकायचं.

बरं 'एकरूळ' म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला 2014 साली सुरू झालेली चेंबूर-वडाळ्याची मोनोरेल आठवणार. ती बीमवर बसून धावणारी. कारखान्यात उलटं असतं, आयबीमच्या, म्हणजे I आकाराच्या गर्डरच्या, खालच्या पट्टीवर ट्रॉलीची चाकं चालतात आणि होइस्ट त्या ट्रॉलीला लटकलेला. शिवाय तो गर्डर जाईल तिथेच जातो, वळण दिलं तर वळेल पण बाजूला सरकणार नाही, बाजूलाही जायचं तर मग पूर्ण शेडवर फिरणारी इओटी क्रेन लागते. क्रेनला 'यारी' हा चांगला मराठी शब्द आहे, पण बोर्डवर 'यारीपासून दूर राहा' लिहिलंत तर लोक हसतील, कोणाची दोस्ती तुटली म्हणून विचारतील.

मग फ्लोअरवर काय बोलतात? हाताने साखळी ओढायची असेल तर 'चेन कप्पी', हिंदीवाले तिला 'चैन कुप्पी' म्हणतात (आपल्याकडे कुपी म्हणजे अत्तराची, असो). मोटरवाला असेल तर सरळ 'होइस्ट'. आणि लिंग बघा, क्रेन ती, चेन ती, ट्रॉली ती, कप्पीसुद्धा ती, पण होइस्ट मात्र तो. 'होइस्ट अडकला' असंच म्हणतात, 'अडकली' म्हणणारा बहुतेक ऑफिसातला.

मला स्वतःला सगळ्यात आवडतात ते हुकापाशी उभ्या खलाशाचे (कारखान्यात खलाशी म्हणजे माल बांधून इशारे देणारा) शब्द. वर घ्यायचं तर 'हाबेस!' आणि खाली सोडायचं तर 'आर्या!'. कवितेतली आर्या नव्हे, पोर्तुगीज 'अरियार' म्हणजे खाली सोडणं, त्यावरून आलेली ही. जहाजावरच्या लस्करांच्या (देशी नाविकांच्या) बोलीतून गोदीत आणि गोदीतून कारखान्यांत. आमचे एक खलाशी काका होते, मशीनवर चढवायचा जॉब तिच्या बेडवर टेकायला बोटभर राहिलं की आवाज बारीक करून 'आर्या... आर्या... जरासा आर्या...' आणि मग एकदम 'बास!', पेंडंट (होइस्टची लोंबती बटणपेटी) धरणाऱ्या पोराने अंगठा त्याच क्षणी बटणावरून काढला पाहिजे. आता कानांवर आवाज अडवणारे मफ असतात त्यामुळे हाताच्या खुणाच जास्त चालतात, शब्द मागे पडत चाललेत.

तर बोर्डवर नवीन नाव कोरायच्या भानगडीत पडू नका. 'वरच्या गर्डरवरून होइस्ट फिरतो. लटकत्या मालाखाली थांबू नका.' एवढं पुरे. आणि किती टन उचलतो तो आकडा गर्डरवर आणि हुकाच्या ब्लॉकवर दोन्हीकडे मोठा रंगवून घ्या, तो मात्र सगळे वाचतात.