जुन्या फोर-बाय-फोरचे स्टिअरिंग ऑइल
ताम्हिणी घाटाकडे निघण्यापूर्वी, गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असताना, पॉवर स्टिअरिंगच्या टाकीतील ऑइल ‘कोल्ड’ खुणेपाशी आहे का, हे तुम्ही आवर्जून पाहावे. पातळी वारंवार उतरत असेल तर नुसती भर घालत राहू नका. हे ऑइल इंजिन ऑइलसारखे जळत नाही, ते कुठून तरी गळतच असते, म्हणून होजचे सांधे, पंपाचे सील आणि स्टिअरिंग बॉक्स तपासून घ्या. ऑइलचा प्रकार मॅन्युअलवरूनच ठरवावा. अनेक जुन्या गाड्यांना डेक्सरॉन प्रकारचे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) चालते, परंतु ब्रेक ऑइल चुकूनही घालू नये, कारण त्याने सील निकामी होतात. ऑइल बदलल्यावर पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवल्यास अडकलेली हवा निघते.